बिनसनदीचा वकील

देवाशी बोलणं म्हणजे खायचं काम नव्हे हो! देव झाला तरी त्याला बारा गावचे व्याप. त्यात कुणाच्या हरवलेल्या म्हशीची, कुणाच्या तापलेल्या पोराची कहाणी त्याच्या कानावर घालायची, आणि तीही अशी की देवानं कंटाळू नये, आणि मागं उभ्या माणसाला वाटावं, अरे, मला हेच तर म्हणायचं होतं! कोंडखार गावात हे काम एकट्या कोंडाजीचं.

तळे गावच्या बाजारातून उतरणारी वाट खाली खाडीला जाऊन टेकते, तिथं हे चाळीसेक घरांचं गाव. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेती. गावाचा रखवालदार बहिरीदेव. त्याच्यापुढं गाऱ्हाणं घालायचा मान कोंडाजीच्या घराण्याकडे पिढीजात. पण नुसता मान असून काय उपयोग? गळा लागतो. कोंडाजीचा बाप गाऱ्हाणं घालताना खोकायचा, आज्याला तर मधेच विसर पडायचा आणि भलत्याच माणसाची म्हैस देवाच्या पदरात पडायची. कोंडाजीचं तसं नव्हतं. तो उभा राहायचा, मुंडासं सारखं करायचा, हात जोडायचा आणि अशी साद घालायचा की बांधावरचे बगळे उडायचे.

"हे बा बहिरीदेवा, खाडीच्या मुखावर उभ्या ऱ्हाणाऱ्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागं उभा गाव एका आवाजात म्हणायचा.

"ही आमची बायजा, हिची म्हस गेल्या बाजारापासनं घरला आली न्हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"जिथं असंल तिथनं तिला वाट दाव, वाघराच्या तोंडी देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!"

म्हैस बहुतेक वेळा परत यायची. नाही आली, तर लोक म्हणायचे, गाऱ्हाण्यात काही कमी नव्हतं, म्हैसच नालायक.

ह्या कामाचे दोन नेम होते. पहिला असा की ज्याचं गाऱ्हाणं, त्यानं तोंड उघडायचं नाही. खाली मान घालून उभं राहायचं. ज्याचं दुखतं त्याच्या तोंडाचा काय भरवसा? तो रडेल नाहीतर शिव्या देईल, आणि देवापुढं दोन्ही बरं दिसत नाही. दुसरा नेम भांडणाचा. दोघांचं भांडण असेल तर दोघांनीही देवळात हजर राहायचं, आणि गाऱ्हाणेकऱ्यानं आधी समोरच्याची बाजू मांडायची. तीही उरकल्यासारखी नाही, चांगली पोटभर मांडायची. "ह्याची चूक न्हाय म्हाराजा" असं स्वच्छ म्हणायचं आणि मग "पण" म्हणून आपल्या माणसाकडं वळायचं. देवापुढं एकाच अंगानं बोलणं म्हणजे देवाला फसवणं, असं कोंडाजीचा बाप खोकत खोकत सांगायचा. निम्मी भांडणं त्या "पण"च्या आधीच विरघळायची. आपली बाजू परक्याच्या तोंडून इतकी झकास ऐकल्यावर माणसाला आणखी काय पाहिजे असतं?

कोंडाजीला आपल्या आवाजाचं कौतुक होतं, हे खोटं कशाला बोला? चांगलंच होतं. त्याची बायको मनुबाई म्हणायची, "देवाला सुटका हाय. गाऱ्हाणं सपलं की तो मोकळा. माजी सुटका न्हाय." कारण घरातसुद्धा तो कोंबड्यांना खुराड्यात बोलवायचा ते गाऱ्हाणं घातल्यासारखाच. पण कुणाचं रडणं त्याला बघवायचं नाही, हेही तितकंच खरं. रात्री-अपरात्री कुणी दारात आलं तर अर्ध्या भाकरीवरून उठायचा. गावातल्या मुक्या माणसांचं तोंड होता तो, आणि गावात मुकी माणसं पुष्कळ होती.

राही त्यांतलीच एक. तिचा नवरा सदू ज्वरानं गेला आणि दोन लहान पोरींसह ती एका शेताच्या तुकड्यावर राहिली. राही इतकं कमी बोलायची की बाजारात तिच्याशी कुणी भावाची घासाघीस केली तर ती टोपली उचलून पुढं जायची. अहो, बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकले जात नाहीत! राहीचं सगळं आयुष्य ह्या म्हणीवर चाललं होतं.

तिच्या शेताला लागून खाडीच्या बाजूला येसाजीचं शेत. पावसाचं पाणी राहीच्या शेतातून मधल्या बांधातल्या दगडी मोरीतून येसाजीच्या शेतात उतरायचं आणि तिथून खाडीला मिळायचं. सन तीस-एकतीसच्या सुमाराला एका श्रावणात मोठं उधाण आलं. येसाजीचा खाडीकडचा बांध फुटला, खारं पाणी आत घुसलं, आणि उभं भात करपून गेलं. येसाजी वेडापिसा झाला. खाडीकडचा बांध त्यानं कसाबसा बांधला, आणि वरून येणारं पाणी तरी नको म्हणून मधली मोरी दगडमातीनं ठोकून बुजवली. झालं! राहीच्या शेतात कमरेइतकं पाणी तुंबलं आणि तिचंही भात कुजलं.

ती त्याच्या दारात गेली. काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. येसाजीची बायको म्हणाली, "ते घरात न्हाईत." येसाजी मागच्या पडवीत खोकला. राही परत आली.

मग रीतीप्रमाणं गाऱ्हाणं ठरलं. गाव देवळात जमला, राही खाली मान घालून उभी राहिली, कोंडाजीनं मुंडासं सारखं केलं. येसाजी आलाच नाही! निरोप पाठवला, "देवाचं देवापाशी. बांध माजा हाय." दोघांतला एक नसेल तर गाऱ्हाणं घालता येत नाही. कोंडाजीच्या जन्मात असं पहिल्यांदा घडलं. तो घरी येऊन जेवला नाही.

पुढच्या पावसाआधी मोरी उघडली नाही तर राहीचं दुसरं पीकही जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मुंबईतल्या गिरणीत असलेला तिचा भाऊ सांगावा धाडून थकला होता, शेत सोड आणि पोरी घेऊन इकडं ये म्हणून. राहीला जायचं नव्हतं. सदूच्या हातची ती जमीन होती. ती सोडली की तिच्यापाशी सदूचं असं काही उरत नव्हतं.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," मनुबाई म्हणाली.

"मग मी चढतो," कोंडाजी म्हणाला.

तळे गावात अर्ज लिहून देणारा एक कारकुनी माणूस बाजाराच्या दिवशी बसायचा. त्यानं अर्ज लिहिला आणि विचारलं, "वकील देणार का?" वकिलाचं नाव काढताच राहीचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मग मुखत्यार द्या. बाईच्या वतीनं हजर राहणारा माणूस. मुखत्यारपत्र लिहितो. त्याला तारखेला हजर राहता येईल, कागद देता-घेता येतील. मात्र..." ह्या "मात्र"च्या पुढचं कोंडाजीनं ऐकलंच नाही. "बाईच्या वतीनं" एवढे दोन शब्द कानात शिरले आणि त्याच्या मनात गाऱ्हाण्याची जुळवाजुळव सुरू झाली. राहीनं अंगठा उठवला. परतीच्या वाटेवर कोंडाजी इतका मोठ्यानं सराव करत होता की समोरून येणारी एक गाय रानात पळाली.

साक्ष द्यायला मात्र गावातलं कुणी तयार होईना. येसाजीच्या विरुद्ध कचेरीत उभं राहायचं आणि उद्या बांधावर त्याचंच तोंड बघायचं? नको रे बाबा! पण कोंडाजी गाऱ्हाणं घालणार म्हटल्यावर "व्हय म्हाराजा" म्हणायला पाच-सहा जण आनंदानं तयार झाले. त्यांच्या लेखी साक्ष वेगळी आणि साथ वेगळी.

तारखेच्या दिवशी आणखी एक पंचाईत. तालुक्याच्या गावाला जायचं तर बैलगाडी पाहिजे, आणि गावात धड गाडी एकच, येसाजीची. तेव्हा वादी, प्रतिवादी, मुखत्यार, मुखत्याराची बायको आणि "व्हय म्हाराजा" म्हणणारी मंडळी अशी सगळी येसाजीच्याच गाडीत बसून येसाजीविरुद्धचा दावा चालवायला निघाली. येसाजी पुढं बसून बैल हाकत होता. वाटेत चढ लागला तेव्हा सगळे खाली उतरले आणि गाडीला हात लावला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मामलेदार रावसाहेब पोक्त वयाचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. येसाजीनं वकील दिला होता, हरेश्वरपंत. काळा कोट, पांढरी पगडी आणि बोलण्यात लोण्यासारखा गुळगुळीतपणा. पट्टेवाल्यानं पुकारा केला, "वादी राहीबाई कोम सदू!" कोम म्हणजे कचेरीच्या भाषेत बायको. राही भिंतीला टेकून उभी राहिली आणि कोंडाजी पुढं झाला.

"तुम्ही कोण?" रावसाहेबांनी विचारलं.

"मी कोंडाजी, म्हाराजा. हिचं तोंड."

रावसाहेबांनी मुखत्यारपत्र बघितलं आणि मान हलवली. त्यांना वाटलं, हा अर्ज पुढं करील. कोंडाजीला वाटलं, देवानं कौल दिला. त्यानं मुंडासं सारखं केलं, हात जोडले, आणि त्या कौलारू कचेरीत कधी घुमला नसेल असा आवाज घुमला.

"हे बा मामलेदार म्हाराजा, तालुक्याच्या मुखावर बसणाऱ्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!" मागून पाच-सहा गळे एकदम गरजले.

कारकुनाच्या हातून टाक पडला. पट्टेवाला धावत आला. "ए, गप! देऊळ आहे का हे?" मंडळींना समजेना की चुकलं काय, आपण तर बरोबर वेळेवर बोललो. त्यांना बाहेर काढून व्हरांड्यात बसवलं. कोंडाजीची साथ तुटली, पण हिंमत सुटली नाही. त्यानं नेमाप्रमाणं आधी येसाजीची बाजू घेतली.

"म्हाराजा, हा येसाजी. माणूस कष्टाळू, देवमाणूस. श्रावणात उधाण आलं, ह्याचा बांध फुटला. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं भात ह्याच्या डोळ्यांदेखत करपलं. त्या दिशी हा बांधावर बसून रडला, म्या सोता बघितला. हा दुखावलेला मानूस हाय. अशा मानसानं पाणी अडवलं तर काय नवल? मी असतो तर म्याबी तेच केलं असतं. येसाजीची चूक न्हाय म्हाराजा!"

हरेश्वरपंत उठले नाहीत. वाटलं असतं तर पहिल्या वाक्यालाच उठता आलं असतं. कायद्याचा माणूस, त्यांना ठाऊक होतं की मुखत्याराला हे असलं बोलायचा अधिकार नाही. पण ते गालावर हात ठेवून शांत ऐकत होते, आणि कारकुनाकडं बघून हळूच म्हणाले, "लिहून घ्या हो. वादीचे मुखत्यार म्हणतात, प्रतिवादीची चूक नाही." टाक कुरकुरला. पलीकडं बसलेला येसाजी खाली मान घालून ऐकत होता. आपण रडलो ते कुणी बघितलं होतं, हे त्याला आजच कळलं.

कोंडाजीनं श्वास घेतला. आता खरी गंमत. आता राही, तिच्या पोरी, सदू, मोरी, सगळं यायचं होतं. त्यानं आवाज चढवला.

"पण म्हाराजा..."

हरेश्वरपंत ताडकन उठले. "हरकत आहे, रावसाहेब! मुखत्याराला हजर राहता येतं, अर्ज देता येतो. बाजू मांडून युक्तिवाद करायचा तर सनद लागते. ह्यांच्याजवळ वकिलीची सनद आहे का?"

"सनद म्हंजे?" कोंडाजीनं विचारलं.

रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "पंतांचं म्हणणं बरोबर आहे. कचेरीत दुसऱ्याच्या वतीनं बोलायचा अधिकार सनदी वकिलाला. नाहीतर ज्याचा दावा त्यानं स्वतः बोलावं, त्याला कुणी अडवत नाही. तुम्ही खाली बसा."

"म्हाराजा, अजून माजं 'पण' झालं न्हाय!"

"बसा."

"मग आधीचं तरी खोडा! ते तर येसाजीचं व्हतं, हिचं अजून यायचं हाय!"

"तुम्ही बोललात ते बोललात," हरेश्वरपंत गोड आवाजात म्हणाले. "आणि आमचं लेखी म्हणणं असं आहे रावसाहेब, की त्या बांधाला मोरी कधी नव्हतीच."

दुपारनंतर वादीनं स्वतः काय ते सांगावं, एवढं म्हणून रावसाहेब उठले.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! कचेरीमागच्या वडाखाली कोंडाजी बसला तो जमिनीत गाडल्यासारखा. बाई पंचवीस कोस चालून विहिरीवर यावी आणि आपणच तिचा हंडा फोडावा, तसं त्याला झालं होतं. "राहे," तो म्हणाला, "मी तुजं शेत घालवलं. हात दाखवून अवलक्षण केलं म्या."

राहीनं वडाचं एक पडकं पान उचलून चुरगाळलं. मग म्हणाली, "बाबा, तुमी बोललात ते खोटं व्हतं काय? येसाजीभावजी रडलं व्हतं. म्याबी बघितलं व्हतं."

"खऱ्या-खोट्याचं सोड! आता तुला बोलाया पायजे. चल, मी शिकवतो. असं म्हणायचं, हे बा मामलेदार म्हाराजा..."

"हे बा..." राही म्हणाली आणि पुढचे शब्दच विसरली. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेच. कोंडाजी घाम पुसत दुसरे शब्द देऊ लागला, सोपे, मग आणखी सोपे. राहीच्या तोंडात एकही बसेना. उलट ती पदराचं टोक पिळायला लागली.

मनुबाईनं भाकरीचं गाठोडं सोडलं होतं. ती म्हणाली, "अवं, तुमी गप बसा की वाईच! तुमचं आंगडं तिला कसं बसंल? ती बोलंल तिचं ती. न्हाय बोलली तर न्हाय बोलली. पण तिच्या तोंडात बोटं घालू नका."

कोंडाजी चिडला. मग त्यानं राहीच्या हातांकडं बघितलं, आणि गप्प बसला. बोलण्यापेक्षा गप्प बसायला त्याला जास्त कष्ट पडत होते, हे मनुबाईला दिसत होतं. तिनं त्याच्या हातात भाकरी दिली, वर सुक्या बोंबलाची चटणी. व्हरांड्यातली मंडळीही आली. येसाजी लांब, बैलांपाशी एकटा बसला होता. त्याचा वकील खानावळीत गेला होता आणि येसाजीनं येताना काही आणलं नव्हतं. मनुबाईनं एक भाकरी उचलली आणि राहीच्या हातात दिली. "जा, देऊन ये. भांडण कचेरीत. भाकरीशी कसलं भांडण?"

राही गेली, भाकरी ठेवून परत आली. येसाजीनं ती खाल्ली, पण मान वर केली नाही.

दुपारी पुन्हा पुकारा झाला. कोंडाजी मागच्या बाकावर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. राही पुढं उभी राहिली आणि तिनं मागं वळून त्याच्याकडं बघितलं, लहान पोर बघतं तसं. कोंडाजीच्या जिभेवर अख्खं गाऱ्हाणं तयार होतं. त्यानं मान खाली घातली. मी दिसलो तर ही माझे शब्द शोधत बसेल, एवढं त्याला त्या वेळी कळलं, आणि ते कळणं त्याच्या काळजाला लागलं.

"सायेब, मला बोलता येत न्हाय," राही म्हणाली.

"येईल तसं बोला, बाई. कुणी हसणार नाही," रावसाहेब म्हणाले.

"माज्या शेतातलं पाणी जात न्हाय. मोरी बुजवली."

"मोरी होती ह्याला आधार काय?" हरेश्वरपंतांनी विचारलं. "कागद आहे? साक्षीदार आहे?"

राही त्यांच्याकडं बघत राहिली. साक्षीदार हा शब्द तिच्या डोक्यात शिरला आणि तिनं एकदम उजवीकडं बघितलं. मामलेदार राहिले समोर, वकील राहिले बाजूला, आणि ती सरळ येसाजीशी बोलायला लागली. घरच्या पडवीत उभी असल्यासारखी.

"भावजी, तुमी व्हतात न्हवं? मोरी घातली तवा तुमी नि हे, दोघंच व्हतात. मी भाकरी घिऊन आली व्हती. मोठा फत्तर निसटला नि तुमच्या पायावर पडला. ह्यांनी तुमाला पाठीवर घातलं नि चिखलातनं घरापत्तूर आनलं. रातभर तुमच्या पायाला हळद बांधत बसलं व्हतं. सकाळी मला म्हनलं, येसाचा पाय राहिला, देवानं राखला." ती थांबली. मग दाव्याशी काही संबंध नसल्यासारखं तिनं विचारलं, "तो पाय अजून दुखतो का वो?"

येसाजीनं उजवा पाय बाकाखाली मागं ओढला.

"उत्तर द्यायची गरज नाही," हरेश्वरपंत घाईनं म्हणाले. "रावसाहेब, वादीनं प्रतिवादीशी असं परस्पर बोलणं रीतीला धरून नाही."

"दुखतो," येसाजी म्हणाला. "अवसेला लई दुखतो."

"येसाजी, तुम्ही गप्प राहा!"

"तुमी बसा, पंत. ही माज्याशी बोलत्ये." येसाजी उठून उभा राहिला. उभा राहताना त्यानं बाकाला हात टेकला. "सायेब, मोरी व्हती. सदूनं नि म्या घातली. बुजवली ती म्याच. सकाळी कोंडाजीनं माजी चूक न्हाय म्हनलं, तवापासनं मला खाली बघवत न्हाय, वर बघवत न्हाय. चूक हाय माजी. लिवून घ्या."

हरेश्वरपंतांनी कागद गोळा केले. वकील सनदी असला तरी अशिलाच्या तोंडावर त्याला हात ठेवता येत नाही. रावसाहेबांनी येसाजीला तीनदा विचारलं की तू हे समजून बोलतो आहेस ना, आणि तीनदा त्यानं मान हलवली. मग त्यांनी हुकूम सांगितला. होळीच्या आत मोरी मोकळी करावी, आणि पुन्हा कधी अडवू नये. राहीला हुकूम नीटसा कळला नाही. येसाजी तिच्याकडं वळून म्हणाला, "उद्याच काढतो, वहिनी," ते मात्र कळलं.

कारकून कागद पुरा करून वाचून दाखवू लागला. "वादीतर्फे मुखत्यार कोंडाजी बिन कान्हा हजर. त्यांनी वादीची बाजू मांडली..."

"रावसाहेब, एक बोलू?" मागच्या बाकावरून आवाज आला.

रावसाहेब हसले. "सनद नाही तुम्हाला. पण बोला."

कोंडाजी पुढं आला. मुंडासं सारखं केलं नाही, हात जोडले नाहीत. आवाजसुद्धा नेहमीचा नव्हता. "ते खोडा. म्या न्हाय मांडली बाजू. मी बोलत ऱ्हायलो असतो तर हिचं शेत गेलं व्हतं. तीस वर्सं ह्या लोकांना मी मान खाली घालायला लावली नि त्यांच्या जागी मीच बोललो. मला वाटायचं, ह्यांना बोलता येत न्हाय."

कारकुनानं रावसाहेबांकडं बघितलं. रावसाहेबांनी मान हलवली. त्यानं ओळ खोडली, वर नवी ओळ लिहिली आणि वाचली, "वादीने जातीने हजर राहून आपली बाजू स्वतः मांडली."

"म्हंजे काय वो, बाबा?" राहीनं विचारलं.

"म्हंजे तू बोललीस, पोरी," कोंडाजी म्हणाला. "तुजं तू बोललीस."

आणि तिच्याआधी त्यालाच रडू फुटलं.